माझ्यामुळे पोराला हे झालं का?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

मॅडम, मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी, वय ५६. मुलगा २० वर्षांचा आहे, पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. दिवसभर दार लोटून पडून असतो. जेवण दोन घासांवर आलंय, अंघोळीचीही त्याला आठवण करून द्यावी लागते. काय होतंय विचारलं तर म्हणतो, ‘मले कशातच गोडी वाटत नही.’

चौदा वर्षांपूर्वी वादळात माझा उभा बाग आडवा झाला, तेव्हा माझंही असंच झालं होतं. जळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या वर्षभर घेतल्या, बरा झालो. गावात पोटाचा आजार म्हणून सांगितलं. मुलांना आजही माहीत नाही. माझी आईसुद्धा महिना-महिना ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडायची. कधी उलटं व्हायचं, रात्र-रात्र झोपायची नाही, दळण संपलं तरी जात्यावर गाणी म्हणत बसायची. लोक म्हणायचे, बाहेरचं आहे.

मेहुण्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की डिप्रेशनचं जनुक सापडलंय, थुंकी पाठवली की टेस्ट होते. ती करावी का? मुलगी २४ वर्षांची आहे, तिला स्थळं बघतोय. बायको म्हणते, तोंडातून शब्द काढू नका, सोयरीक जमायची नाही. तिला मनुदेवीला जायचंय आणि पोराला एका भगताला दाखवायचंय. परवा पोरगा आईला म्हणाला, ‘मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल.’ मला पहाटे तीनला जाग येते आणि एकच विचार येतो, हे मीच त्याला दिलं. खरं आहे का हे?

— एक बाप

भाऊ,

तुमचे प्रश्न तीन-चार आहेत, पण पत्राच्या शेवटाकडे जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला आधी घ्यायचंय. ‘मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल.’ वीस वर्षांचा मुलगा जेवणखाण सोडून पडलेला असताना असं बोलतो, तेव्हा त्याच्या मनात मरणाचा विचार येऊन गेलाय असंच धरून चालायचं. जनुकांचं आपण नंतर बोलू. आज संध्याकाळच्या आत दोन गोष्टी करा.

घरात, मळ्यातल्या खोलीत, गोठ्याच्या माळ्यावर फवारणीची जेवढी औषधं पडली असतील तेवढी सगळी गोळा करा. अर्धी वापरलेली बाटलीसुद्धा सोडू नका. घराबाहेर, भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. घरातल्या झोपेच्या, बीपीच्या गोळ्याही उचला. मरणाची ऊर्मी टोकाला असते तो वेळ बऱ्याचदा थोडा असतो. त्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस त्यातून बाहेर येतो, आणि आलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. एका देशाला जे साधलं ते एका घराला तर आजच साधता येईल.

दुसरं म्हणजे त्याला सरळ विचारा. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. यावर पुष्कळ अभ्यास झालेत. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बरीच मुलं पहिल्यांदा मोकळी होतात. तो ‘हो’ म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. रात्री त्याच्याजवळ कुणीतरी झोपा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो तुमच्यासाठीही आहे. मुलाने काही ठरवून ठेवलंय असं दिसलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. भुसावळमार्गे थेट जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात न्या.

आता तुम्हाला पहाटे तीनला उठवणारा प्रश्न घेऊ.

नैराश्याच्या आजाराची प्रवृत्ती वारशाने येते का? काही अंशी येते. हे शास्त्रज्ञांना जुळ्यांच्या अभ्यासातून कळलं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी असतात, साध्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारच्या जोड्यांमध्ये आजार किती वेळा दोघांनाही होतो हे ताडून पाहिलं की जनुकांचा वाटा काढता येतो. २००० साली सलिव्हन, नील आणि केंडलर या तिघांनी तोवरचे चांगले अभ्यास एकत्र केले आणि आकडा काढला सुमारे ३७ टक्के. या आकड्याचा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. तुमच्या मुलाला हा आजार व्हायची शक्यता ३७ टक्के होती, असं तो सांगत नाही. त्याच्या आजारात तुमचा वाटा ३७ टक्के आहे, असंही नाही. मोठ्या लोकसमूहात कुणाला हा आजार होतो आणि कुणाला नाही, या फरकाचा किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच त्यातून कळतं. एका घरातल्या एका पोराबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

त्याच हिशोबातली आणखी एक गोष्ट आई-बापांच्या कानावर फारशी जात नाही. जनुकांपलीकडचा जो मोठा भाग उरला, तो जवळजवळ सगळा ज्याच्या-त्याच्या वाट्याला वेगवेगळ्या येणाऱ्या अनुभवांचा निघाला. एकाच घरात, एकाच आई-बापांच्या हाताखाली वाढल्याचा वाटा त्यात अगदी थोडा होता. म्हणून ‘रक्तातून आलं नसेल तर वाढवण्यात चुकलं असेल’ हे दुसरं ओझंही तुम्ही डोक्यावर घेऊ नका.

तुमच्या धंद्यातलंच उदाहरण देते. तुम्ही टिश्यू कल्चरची रोपं लावता. एका लॉटमधली रोपं म्हणजे एकाच झाडाच्या नकला, जनुकांनी सारखी. तरी सगळे घड सारख्या वजनाचे उतरतात का? मे महिन्यातल्या गरम वाऱ्यात कडेच्या ओळीची पानं आधी फाटतात. ठिबकची नळी चोक झाली असेल तिथलं झाड खुजं राहतं. आणि वादळ आलं तर घड भरलेलं, चांगलं पोसलेलं झाडच आधी मोडतं. अशा वेळी रोपात खोट होती असं तुम्ही म्हणत नाही. बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावून वारा अडवायचं बघता. एकसारख्या जुळ्या भावांमध्येही एकाला नैराश्य झालं म्हणून दुसऱ्याला होतंच असं नाही, बऱ्याचदा होत नाही.

धोका किती वाढतो, याचाही आकडा आहे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झालेला असेल तर धोका इतरांच्या दोन ते तीन पट होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शिवेला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. त्या पाहणीत वीस मोठ्या माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार होऊन गेल्याचं दिसलं. म्हणजे शंभरात पाच. त्याची दोन-तीन पट केली तर दहा ते पंधरा. हा ढोबळ हिशोब आहे, आणि आजार लहान वयात किंवा वारंवार झालेल्या घरांत आकडा याहून वर जातो. तरीही या हिशोबाने शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना, बापाला झालेला असूनही, हा आजार होत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे लक्षात ठेवा.

मेहुण्यांच्या व्हिडिओतलं ‘ते’ जनुक कुठलं असेल याचा मला अंदाज आहे. २००३ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातल्या ८४७ तरुणांच्या अभ्यासात असं दिसलं होतं की मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणाऱ्या जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्याकडे आहे, ती माणसं आयुष्यातल्या धक्क्यांनी जास्त खचतात. शोधनिबंध जगभर गाजला. आम्ही डॉक्टरही कितीतरी वर्षं तो भाषणांतून सांगत होतो. पुढे २००९ साली चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो संबंध दिसला नाही. २०१९ साली असेच गाजलेले अठरा जनुक लाखो लोकांच्या माहितीवर तपासले गेले, आणि नैराश्याशी संबंध लावण्यात त्यांची कामगिरी कुठल्याही अठरा जनुकांपेक्षा सरस निघाली नाही. तरी ते व्हिडिओ अजून फिरतायत, कारण एकाच जनुकाची गोष्ट सांगायला सोपी पडते.

खरं चित्र पसरट आहे. माणसाच्या डीएनएत तीन अब्ज अक्षरांची लिपी आहे आणि तिच्यात लाखो ठिकाणी माणसामाणसांत फरक असतात. त्यातल्या कुठल्या जागा नैराश्याशी जोडलेल्या आहेत हे शोधायला सुरुवातीला हजारो माणसं पुरली नाहीत. २०१८ मध्ये ४४ जागा मिळाल्या, २०१९ मध्ये १०२, आणि २०२५ च्या सुरुवातीला २९ देशांतल्या पन्नास लाखांवर लोकांची माहिती जोडून जवळपास ७०० फरक हाती आले. एकेका फरकाने धोका इतका किंचित वाढतो की तो एकटा असला-नसला तरी काही बिघडत नाही. शिवाय हे फरक दुर्मिळ नाहीत. ते तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, तो व्हिडिओ पाठवणाऱ्या मेहुण्यांतही आहेत. कुणात थोडे जास्त, कुणात थोडे कमी. तुमच्या मुलाला निम्मी जनुकं तुमच्याकडून आली, निम्मी त्याच्या आईकडून, आणि त्या निम्म्यात तुमचे कुठले फरक आले हे ना तुम्ही ठरवलं ना देवाला विचारून कळणार आहे. ज्याची निवडच माणसाच्या हातात नव्हती, त्यात गुन्हा कसला, भाऊ?

म्हणून टेस्ट करू नका. हे सगळे फरक जोडून परीक्षेतल्या मार्कांसारखा जो जनुकीय आकडा काढतात, तो माणसामाणसांतला फरक जेमतेम काही टक्के सांगतो. तुमच्या मुलाला आजार आहे की नाही, पुढे मुलीला होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. ही माहिती अजून बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आपल्या लोकांवर तिचा अंदाज आणखी कच्चा पडतो. २०१५ साली चीनमध्ये पाच हजारांवर आजारी बायकांचा अभ्यास झाला, त्यात दहाव्या गुणसूत्रावर दोन जागा सापडल्या. युरोपीय लोकांच्या अभ्यासात त्या तशा ठळक दिसल्या नव्हत्या. संशोधनाला हे सगळं लाखमोलाचं आहे, त्यातून उद्या नवी औषधं निघतील. पण तुमच्या पैशांनी आज मुलाची तपासणी होऊ द्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे रक्तात बघून घ्या. यांच्या गडबडीनेही माणूस असाच गळून जातो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असलेली माणसं फार सापडतात.

तुमच्याकडे त्या टेस्टपेक्षा कितीतरी मोलाची वस्तू आहे, आणि ती तुम्ही चौदा वर्षं लपवून ठेवलीय. तुमच्या घराण्याची हकीगत.

तुमच्या आईबद्दलचं वाक्य मी परत परत वाचलं. महिना-महिना भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि कधी रात्र-रात्र न झोपता, दळण संपलं तरी जात्यावर गाणी म्हणत बसायची. तुम्ही ही आठवण म्हणून लिहिलीत. मला ती मुलाच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत हवी आहे. उदासीचे महिने आणि मधेच झोप न लागता अंगात उत्साह संचारल्याचे दिवस, असं ज्या माणसाचं होतं त्याचा आजार साध्या नैराश्याहून वेगळा असू शकतो. त्याला द्विध्रुवी आजार म्हणतात, लोक बायपोलर म्हणतात. तुमच्या आईला तोच होता असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्या माउलीला कुणी डॉक्टरने तपासलंच नाही. पण या आजारात जनुकांचा वाटा नैराश्याहून बराच मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासात तो ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. आणि ज्याच्यात ही प्रवृत्ती आहे त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही वेळा तो उदासीतून उठून एकदम दुसऱ्या टोकाला जातो. झोप उडते, बडबड वाढते, नको तिथे पैसे उडतात. हे डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर औषधाची निवडच वेगळी होईल, नाहीतर निदान पहिले काही आठवडे ते डोळ्यांत तेल घालून बघतील.

आता विचार करा. तुम्ही मुलाला घेऊन गेलात, डॉक्टरांनी विचारलं ‘घरात कुणाला असं काही?’ आणि शेजारी बसलेल्या वहिनींनी तुमच्या हाताला चिमटा काढला म्हणून तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर मुलाचं किती नुकसान होईल. माझ्यासमोर असं होताना मी पाहिलंय. आई-बाप मान हलवून नाही म्हणतात, आणि आत्या नाहीतर मावशी दाराबाहेर गाठून खरं सांगते.

म्हणून जाताना सगळं घेऊन जा. तुमच्या वेळच्या औषधांची चिठ्ठी कपाटात, ट्रंकेत कुठे असेल तर शोधा. वडिलांना कुठल्या गोळीने बरं वाटलं, कुठल्या गोळीचा त्रास झाला, हे मुलाचं औषध निवडताना डॉक्टर लक्षात घेतात. मात्र घरात पडलेली जुनी गोळी स्वतःच्या मनाने मुलाला देऊ नका, एकही नाही. आई आणि तुम्ही सोडून भावकीत, आजोळी कुणाला असं झालं होतं का, कुणी जीव दिला होता का, कुणाला दारूचं व्यसन जडलं होतं का, हेही आठवून लिहून ठेवा. वहिनींच्या माहेरचंही.

पण डॉक्टरांच्या आधी हे मुलाला कळायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायला हवं. त्याला आत्ता काय वाटत असेल? आपल्या वर्गात, आपल्या घरात आपणच एक नालायक निघालो. बापाने उन्हातान्हात केळी काढून फी भरली आणि आपल्याला साधं उठून बसवत नाही. त्याच्या डोक्यात तुमची जी मूर्ती आहे ती कधीच न खचलेल्या माणसाची आहे, आणि ती तुम्हीच पोटाच्या आजाराचं सांगून उभी केलीत. तेव्हा ते तुम्ही घराच्या अब्रूसाठी केलंत, त्याला दोष देत नाही. आता त्या मूर्तीची गरज संपली.

संध्याकाळी त्याच्या खोलीत जा, दिवा लावायची घाई करू नका, खाटेच्या कडेला बसा आणि तुमच्या बोलीत सांगा. ‘पोरा, मले बी असंच झालं व्हतं. तू सहा वर्षांचा व्हता. बाग पडला, पण बागाचं निमित्त व्हतं, मले उठवतच नव्हतं. डाक्टरकडे गेलो, गोळ्या खाल्ल्या, बरा झालो. तुले सांगितलं नही, ते माह्यं चुकलं. आपुन दोघं जाऊ.’ एवढंच पुरे आहे. त्याच्यापुढे हिमतीची भाषणं करू नका, शेजारच्याच्या मुलाचं पॅकेज काढू नका, आणि ‘हे माझ्यामुळे तुला झालं, मला माफ कर’ असं म्हणत रडू नका. तुम्ही रडलात की तुमचं दुःख सावरणं हे त्याचं काम होऊन बसतं, आणि आज त्याच्या अंगात तेवढी ताकद नाही. त्याने काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. बरा झालेला माणूस त्याच्या खाटेवर बसलाय, एवढं त्याला दिसू द्या.

उपचार सुरू झाले की पहिले दोन-चार आठवडे धीर धरावा लागतो, गोळ्या हळूहळू लागू पडतात. पंचवीसच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत क्वचित अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढतात, म्हणून त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका आणि काही वेगळं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या बंद करतात, आणि आजार बरेचदा तिथेच परत उलटतो. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमी करत करत. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. जोडीला समुपदेशन मिळालं तर उत्तम. इंजिनिअरिंगचं वर्ष गेलं तर जाऊ द्या. वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन कॉलेजात काय सवलत मिळते ते उन्हाळ्यात बघता येईल.

मनुदेवीला जरूर जा. आडगावला, सातपुड्याच्या पायथ्याशी, सगळं घर मिळून जा. मुलाला चार पावलं चालायला लागतील, त्याचाही उपयोगच आहे. वहिनींची श्रद्धा मोडायला मी सांगणार नाही, तिच्या आधारानेच त्या हे दिवस काढतायत. मात्र भगताकडे नको. जिथे पोराला धूर देतात, मारतात, गोळ्या बंद करायला सांगतात, तिथे त्याला नेऊ नका. तुमच्या आईला बाहेरचं झालंय म्हणत लोकांनी तिची आयुष्यभर तशीच आबाळ केली. नातवाच्या वाट्याला ते येऊ देऊ नका.

राहिली मुलगी. वहिनींची काळजी मला कळते. लेकीचं जमवताना आई-बाप किती जपून बोलतात हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण तिच्यापासूनच ही गोष्ट लपवणं मला मान्य नाही. ती चोवीस वर्षांची आहे, तिला तिच्या घराण्यातला आजार माहीत असायलाच हवा, जसा घरात साखरेचा आजार असता तर तिला माहीत असता. त्याचं एक खास कारण आहे. बाळंतपणानंतरचे महिने बाईच्या मनासाठी नाजूक असतात, आणि ज्या घरात नैराश्य किंवा बायपोलर आहे तिथे जास्तच. तिला आणि तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे आधीच माहीत असेल तर पहिल्या आठवड्यात झोप उडाली, रडू यायला लागलं की कुणी ‘बाळंतिणीला नजर लागली’ म्हणत बसणार नाही. शिवाय प्रवृत्ती असली तरी तिच्या हातात बरंच आहे. २०२० साली अमेरिकेतल्या सुमारे आठ हजार लोकांच्या एका अभ्यासात, जनुकीय धोका जास्त असलेल्यांपैकी जी माणसं नियमित चालत-फिरत, व्यायाम करत होती, त्यांना पुढच्या दोन वर्षांत नैराश्याचं निदान कमी वेळा झालं. पुरेशी झोप, रोजची चाल आणि दोन जिवाभावाच्या मैत्रिणी तिने लग्नानंतरही सोडू नयेत.

मुलाकडच्यांना कधी सांगायचं? कांदेपोह्यांच्या बैठकीत भावाची कुंडली मांडायची काही गरज नाही. भावाचा आजार ही भावाची गोष्ट आहे, ती चव्हाट्यावर न्यायचा हक्क आपल्याला नाही. पण गोष्ट साखरपुड्यापर्यंत येतेय असं दिसलं की मुलीने स्वतः त्या मुलाशी बोलावं, तुम्ही मध्यस्थामार्फत नव्हे. ‘माझ्या वडिलांना आणि भावाला नैराश्याचा आजार झाला, उपचार घेतले, बरे झाले.’ तोवर तिचा भाऊ बरा झालेला असेल ही माझी आशा आहे, आणि ती नुसती वेडी आशा नाही. उपचार मिळाले तर या आजारातून बहुतेक माणसं उठतात. हे ऐकून एखादं स्थळ मागे फिरेल, फिरू द्या. ज्या घराला एवढं वाक्य पेलत नाही, त्या घरात उद्या तुमची लेक बाळंतपणात रडायला लागली तर तिला दवाखान्यात कोण नेईल?

आणि तुम्ही. पहाटे तीनला जाग येणं हे काळजीने होतं, पण या आजाराचंही ते जुनं लक्षण आहे, आणि एकदा होऊन गेलेला आजार साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात परत गाठतो. जेवण कसं आहे, मळ्यात मन लागतं का, मागच्या वेळेसारखं काही वाटतंय का, हे स्वतःला खरं खरं विचारा. मुलाला घेऊन जाल त्याच दिवशी दुसरा केसपेपर तुमच्या नावाचा काढा. बाप आपल्यासोबत रांगेत बसलाय आणि आपल्याच डॉक्टरांना दाखवतोय, हे पाहून त्यालाही आत जाणं सोपं वाटेल. जाऊन आलात की मला कळवा, आणि बाटल्या हलवल्या की नाही ते आजच कळवा.